होजिचा लाटे, घरच्या घरी: प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. निशिकासाई, तोक्यो

थंडी पडायला लागली, तेव्हा हे काम आता हातात घेते. कॅफेत मिळतो तसा होजिचा लाटे, म्हणजे भाजलेल्या जपानी चहात फेसाळ गरम दूध, घरी करायचा. अटी दोन: साखर आधीच घातलेली पाकिटं वापरायची नाहीत आणि या एका पेयासाठी एस्प्रेसो मशीन विकत आणायचं नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तेवढी जागाच नाही. एका मगाला १५० मिली दूध धरते.

ज्यांनी हा चहा प्यायलेला नाही त्यांच्यासाठी: जपानी हिरव्या चहाची पानं तोडल्यावर वाफवतात आणि वाळवतात. तीच पानं किंवा त्यांचे देठ पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास भाजले की होजिचा. १९२० च्या दशकात क्योतोत ही पद्धत रूढ झाली असं मानतात. हा जपानमधला रोजचा, बिनतोऱ्याचा चहा. जेवणानंतर हॉटेलात फुकट मिळतो, पोरांनाही देतात. सेन्चाला, म्हणजे न भाजलेल्या नेहमीच्या हिरव्या चहाला, सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी लागतं, इथे ते लाड नाहीत. उकळतं पाणी ओतायचं, अर्ध्या मिनिटात गाळायचं.

पहिली चाचणी सुपरमार्केटच्या साध्या पानांवर. ३ ग्रॅम पानं, १२० मिली पाणी, ३० सेकंद, वर गरम दूध. नुसता प्यायला तेव्हा चांगला खमंग होता, दूध पडताच गायब. शेवटी हाती आलं ते कोमट, किंचित पिवळट दूध. नवऱ्याने मग खाली ठेवून विचारलं, "यात चहा घातलाय का?"

३ नोव्हेंबर, सोमवार (संस्कृती दिनाची सुट्टी)

चहा दाट कसा करायचा, एवढाच आजचा प्रश्न. वेळ वाढवायचा की पानं?

३ ग्रॅम पानं पाच मिनिटं ठेवली. रंग आला, पण जिभेवर तुरटपणा बसला आणि वास मात्र तेवढाच राहिला. मग ८ ग्रॅम पानं, १०० मिली उकळतं पाणी, दोन मिनिटं. हा अर्क दुधात टिकला. भाजक्या वासाचा मोठा भाग पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत उतरतो. त्यापुढे येतो तो बहुतेक कडवटपणाच, त्यामुळे वेळ ताणून काही मिळत नाही. पानंच जास्त लागतात.

आपल्या पद्धतीनेही करून पाहिला: पातेल्यात दूध, त्यातच पानं, उकळी. फिका झाला. मागून कळलं की इथल्या घरांत दुधातला काळा चहा करतानाही पानं आधी वाटीभर उकळत्या पाण्यात भिजवून फुलवतात आणि मगच दुधात सोडतात. कोरडी पानं सरळ दुधात टाकली तर दुधातलं केसिन हे प्रथिन पानाला चिकटतं आणि अर्क नीट उतरत नाही. आपल्याकडेही आधी पाणी, साखर, चहापत्ती उकळून मग दूध घालतात, त्यामागे हेच असावं. शिवाय पातेल्यात खळाखळा उकळलं की भाजक्या वासाचा निम्मा भाग स्वयंपाकघराला मिळतो. घर सुंदर दरवळलं, मगातला चहा नाही.

ठरलं: अर्क वेगळा, दूध वेगळं, शेवटी एकत्र.

९ नोव्हेंबर, रविवार

होजिचा पावडर. लवकर आटपते, कारण मला आवडली नाही. गुठळ्या होतात, चाळून घ्यावी लागते, बांबूच्या चासेनने घोटावी लागते आणि एवढं करून तळाला गाळ बसतोच. दळल्यामुळे हवेला भरपूर पृष्ठभाग मिळतो, म्हणून पाकीट उघडल्यावर वास पटकन उतरतो. आइस्क्रीम आणि केकमध्ये ती उपयोगी आहे, तिथे पाणी घालता येत नाही. मगात मला तळाचा चिखल नको.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज दूध. इथल्या कार्टनवर 'ग्युन्यू' (दूध) असं लिहायचं तर आत फक्त दूधच असावं लागतं: स्निग्धांश किमान ३ टक्के, बाकी घन पदार्थ किमान ८ टक्के. बाजूच्याच फळीवर तसल्याच रंगांच्या खोक्यात कमी स्निग्धांशाचं दूध असतं (अर्धा ते दीड टक्का) आणि सायीची भर घातलेलं 'दाट' दूधही. घाईत हात कुठेही पडतो.

फेस बांधतात ती दुधातली प्रथिनं. म्हणून कमी स्निग्धांशाच्या दुधाचा फेस भराभरा आणि उंच झाला, पण कोरडा. वर फेस वेगळा आणि खाली पाणचट दूध वेगळं. ३.६ टक्क्यांच्या साध्या दुधाचा फेस बुटका, पण ओला आणि बारीक. तोच हवा.

खरा फरक पडला तो कमी तापमानावर निर्जंतुक केलेल्या दुधाने. जपानमधलं बहुतेक दूध १२० ते १३० अंशांवर दोन-तीन सेकंद तापवलेलं असतं आणि त्याला स्वतःचा एक उकळल्याचा वास असतो. ६३ ते ६५ अंशांवर अर्धा तास ठेवलेलं दूध महाग पडतं, टिकतं कमी, सगळ्या दुकानांत मिळत नाही. पण त्याचा वास मागे राहतो, म्हणून चहा पुढे येतो. हे दूध घरी ८० अंशांवर नेलं तर जादा पैसे पाण्यात, कारण उकळल्याचा वास आपणच परत आणतो. ६० ला थांबायचं. तेवढ्यावर दूध सगळ्यात गोडही लागतं. थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या बाहेर तळहात टेकवावा. दोन सेकंदांच्या वर टेकवता येईनासा झाला की बंद करावं.

सोयाचं दूधही पाहिलं. कॉफीत ते फुटतं, होजिचात आम्लता कमी असल्याने फुटलं नाही. भाजक्या वासाशी सोयाचा वास बरा जमतो. ओटचं दूध एवढं गोड की चहाला बोलायलाच मिळत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार (जोडसुट्टी). कानाझावा

शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच तास. केन्रोकुएन बागेतल्या पाइनच्या फांद्यांना बर्फाचा भार पेलायला दोऱ्या बांधून झालेल्या, बाजारात खेकड्यांचा मोसम. आम्ही आलो होतो ते देठांसाठी. जपानात बहुतेक ठिकाणी होजिचा पानांचा असतो, कानाझावाच्या भागात तो देठांचा: कागा बोचा. चहाचा चांगला माल वेगळा काढला की देठ उरायचे. ते फेकण्याऐवजी भाजावे, ही इथली मेइजी काळातली (१८६८ ते १९१२) कल्पना. हिगाशी चाया गल्लीकडे जाताना दुकानदार दारातच यंत्रावर देठ भाजतो आणि पत्ता विचारावा लागत नाही.

देठात कॅटेचिन कमी, म्हणून तुरटपणा कमी. थिआनिन हे अमिनो आम्ल मात्र भरपूर. भाजताना अमिनो आम्लं आणि साखर एकमेकांशी भिडून पायरेझिन नावाची संयुगं तयार होतात. पावाच्या कडेला, शेंगदाण्याला, कॉफीला जो भाजका वास असतो तो बराचसा यांचाच. दुधात टिकणारा वास हवा असेल तर देठ हा योग्य कच्चा माल आहे, अशी माझी अटकळ होती. ती पारखायलाच एवढा खटाटोप.

इथला नामांकित चहा म्हणजे 'केन्जो कागा बोचा'. १९८३ मध्ये शोवा सम्राट (हिरोहितो) कानाझावाच्याच इशिकावा प्रांतात वृक्षारोपणाच्या राष्ट्रीय सोहळ्याला आले होते, तेव्हा कागा शहरातल्या मारुहाचि सेइचाजो या १८६३ पासूनच्या कारखान्याने पहिल्या तोडणीचे देठ हलके भाजून तो तयार केला. एक पाकीट घेतलं. शेजारच्या दुकानातून बिनभाजलेले कच्चे देठही घेतले, कुकिचा म्हणून विकतात ते. त्यांची किंमत त्या पाकिटाच्या जवळही जात नाही.

हॉटेलच्या खोलीत सम्राटांचा चहा नुसता प्यायलो. पातळ सोनेरी रंग, स्वच्छ, फुलासारखा हलका वास, घोट गेल्यावरही मागे गोडवा. अप्रतिम.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तोच चहा दुधात: ८ ग्रॅम, १०० मिली, दोन मिनिटं. काही उरलं नाही. हलकी भाजणी नुसत्या पाण्यासाठी आहे, तिचं सगळं कौतुक त्या नाजूकपणात. दुधातला स्निग्धांश आणि प्रथिनं मिळून ते झाकून टाकतात. उरलेलं पाकीट डब्यात बंद केलं. पाहुण्यांना, बिनदुधाचा.

आता दिशा नक्की झाली. दुधासाठीची भाजणी वेगळी हवी आणि ती विकत मिळत नसेल तर घरी करायची.

भाजण्यासाठी 'होरोकु' आणलं. मातीचं, तव्याएवढं, वरून झाकलेलं पण मध्ये भोक ठेवलेलं भांडं. दांडा पोकळ असतो. भाजून झालं की भांडं तिरकं करायचं, चहा दांड्यातून खाली येतो. फार विचार करून केलेली वस्तू आहे. मातीतला उष्णतेचा साठा आणि बाहेर काढण्याचा वेग, दोन्ही प्रश्न एका दांड्याने सोडवलेत.

अडचण चुलीची. जपानमध्ये २००८ पासून घरगुती गॅसच्या प्रत्येक बर्नरवर तापमानाचा सेन्सर सक्तीचा आहे. तळणीच्या तेलाला आग लागू नये म्हणून. भांड्याचा तळ २५० अंशांकडे गेला की आच आपोआप बारीक होते. कोरडी भाजणी म्हणजे त्याच्या दृष्टीने संशयास्पदच. 'उच्च तापमान' असं बटण दाबलं तर थोडी मुभा मिळते, पण होरोकु उचलून हलवायचं असतं. आमची चूल भांडं उचललं की भांडंच नाही असं समजून आच मंदावते. एकीकडे मी मनगट फिरवतेय, दुसरीकडे चूल माझी काळजी घेतेय.

उपाय: टेबलावरच शिजवून खायच्या हॉटपॉटसाठी ठेवलेली गॅसच्या नळकांड्याची छोटी शेगडी. तिला असली अक्कल नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवली, खिडकी उघडली, पंखा लावला. तोक्योत प्रत्येक खोलीत धुराची सूचना देणारं यंत्र असतं आणि आमचं हळवं आहे.

७ डिसेंबर, रविवार

शेजारच्या आजी क्योतोच्या. त्यांना होरोकु दाखवलं तर खूश झाल्या आणि दारातच युक्ती सांगून गेल्या: रिकामं भांडं मंद आचेवर ठेव, पांढऱ्या कागदाचा कपटा आत टाक. कागद पिवळसर झाला की चहा घालायची वेळ. काळा पडला तर उतरव आणि थांब. इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासलं. मातीचा खडबडीत तळ दर जागी वेगळा आकडा दाखवतो. कागदाचा निकाल एकच असतो.

कपटा काढून २० ग्रॅम देठ घातले. आच मध्यमाहून कमी, भांडं बर्नरच्या वर चार बोटं, मनगटाने गोल फिरवत. पहिल्या मिनिटात ओल्या गवताचा वास आणि थोडी वाफ. मग आवाज बदलतो. आधी देठ मातीवर जड घासतात, पाणी गेलं की खडखडायला लागतात. त्यानंतर ते फुगतात. काडेपेटीच्या काडीहून बारीक, हिरवट पिवळा देठ बघता बघता गोल होतो आणि टोकाकडून तपकिरी व्हायला लागतो. मग खमंग वास. पांढऱ्या धुराची पहिली रेघ भोकातून वर आली की लगेच दांड्यातून स्टीलच्या ताटात ओतायचं आणि पसरायचं. त्या क्षणी रंग हवा त्याहून थोडा फिका वाटायला हवा, कारण ताटात तो अजून एक पायरी गडद होतो.

तीन घाणे काढले. एक धुराआधी उतरवलेला, एक पहिल्या रेघेला, एक रेघेनंतर आणखी अर्धं मिनिट. तिन्हींचा दुधातला अर्क ओळीने ठेवला. पहिला दुधात हरवला. तिसरा करपट, जिभेच्या मागे राखेची चव. मधला चांगला होता, पण मला अजून थोडी ताकद हवी होती आणि मधल्या-तिसऱ्याच्या मधली जागा घड्याळाने सापडेना. प्रत्येक वेळी माती वेगळी तापलेली असते.

१३ डिसेंबर, शनिवार

आई सांगलीहून महिनाभरासाठी आली आहे. आल्या आल्या तिने फ्रिज उघडला आणि दुधाबद्दल तक्रार केली, "अगं, या दुधाला सायच धरत नाही." खरं आहे. स्निग्धाचे कण यंत्राने बारीक करून सगळीकडे सारखे पसरवलेले असतात, वर तरंगणार काय? तापवल्यावर पातळ पापुद्रा येतो तो मुख्यतः प्रथिनांचा. मी तो फेसाच्या आड येतो म्हणून चमच्याने काढून टाकला, त्यावर दुसरी तक्रार.

दुपारी तिच्या हातात होरोकु दिलं. तिने आधी पोकळ दांड्यात डोकावून पाहिलं, मग विचारलं, "किती भाजायचं?" मी मिनिटं सांगायला लागले तशी म्हणाली, "मिनिटं नको सांगू. वास कसा हवा ते सांग."

मला नीट सांगता आलं नाही. तिसऱ्या घाण्याची राख आणि मधल्या घाण्याचा देठ हुंगायला दिला. तिने दोन्ही हुंगले, भांडं तापवलं, कागदाचा कपटाही मानला. मग भाजायला घेतलं, पण माझ्यासारखं सरळ आचेवर नाही. अर्ध्यावर देठ ताटात काढले, दोन मिनिटं निवू दिले, पुन्हा भांड्यात घातले. थालिपिठाच्या भाजणीला ती डाळी अशाच दोनदा भाजते, आत कच्चं राहू नये म्हणून. धुराची रेघ आली तरी घाई केली नाही. भांडं आचेपासून वर उचलून नुसतं हलवत राहिली. मातीच्या उष्णतेवर शेवटचं काम झालं.

एक देठ मोडून पाहिला. आतपर्यंत एकसारखा तपकिरी. माझे सगळे बाहेरून गडद, आत पिवळे होते. म्हणजे मी ज्याला हलकी किंवा गडद भाजणी म्हणत होते ती वरवरची होती. करपट बाहेर आणि कच्चं आत, दोन्ही एकाच देठात.

या चहाचा अर्क दुधात घातला आणि पहिल्यांदा कॅफेच्या पुढे गेलो. दूध गिळून झाल्यावर वास वर येतो, नाकातून.

"बरा आहे," आई म्हणाली. "आता यात वेलची घाल."

१४ डिसेंबर, रविवार

वेलची घातली. वेलचीचं दूध झालं. आल्याची चकती अर्कात टाकली तर थोडं तरी जमतं, पण आलं भाजक्या वासाशी भांडतं. दोन्ही बाद, आई नाराज. गूळ इथे महाग म्हणून ओकिनावाचा कोकुतो, तोही उसाचाच काळा गोळा. एवढा ठसठशीत की चहा मागे पडला. साधी तपकिरी साखर, एक छोटा चमचा, गरम अर्कातच विरघळवायची. दुधात नंतर घातली तर ढवळताना फेस मोडतो.

२१ डिसेंबर, रविवार

नवऱ्याच्या सहकाऱ्याकडून आठवड्यासाठी छोटं एस्प्रेसो मशीन आणलं. मला फक्त त्याची वाफेची नळी हवी होती, कारण वाफवलेल्या दुधाला अजून बरोबरीचं काही सापडलं नव्हतं. बॅटरीवर फिरणारी शंभर येनची स्प्रिंग मोठे बुडबुडे करते आणि मिनिटभरात ते फुटतात.

वाफेने काय होतं? सुरुवातीला नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाशी ठेवून हवा ओढून घ्यायची, फाडल्यासारखा आवाज येतो. दूध कोमट झालं की टोक खाली न्यायचं आणि भांडं तिरकं धरून भोवरा करायचा, म्हणजे मोठे बुडबुडे चिरडून बारीक होतात. पृष्ठभाग रंगाच्या डब्यासारखा चकचकीत दिसला की झालं.

पण वाफ म्हणजे पाणीच. १५० ग्रॅम दूध फ्रिजच्या ५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ३२ किलोज्यूल लागतात. एक ग्रॅम वाफ थिजून ६० पर्यंत निवताना साधारण २.४ देते. म्हणजे १३ ग्रॅम पाणी दुधात गेलंच. काट्यावर प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्त भरलं, छोट्या मशीनची वाफ ओली असते. एस्प्रेसो ३० मिलीची असते, तिथे हे खपून जातं. माझा अर्कच ८० मिली उतरतो (बाकी पाणी देठ पितात), त्यात वर हे पाणी.

म्हणून कॉफीचा फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दांडा असलेलं भांडं, काढला. दूध पातेल्यात ६२-६३ अंशांपर्यंत, प्रेसमध्ये ओतायचं, दांडा पृष्ठभागाजवळ भराभरा वर-खाली, दूध दीडपट झालं की थांबायचं. मग दांडा अगदी सावकाश दाबायचा, भांडं ओट्यावर दोनदा आपटायचं, गोल फिरवायचं आणि लगेच ओतायचं. पाणी शून्य. फेस मशीनच्या उन्नीस-बीस. डोळे बांधून आई आणि नवऱ्याला दोन्ही दिले. नवऱ्याने मशीनचा उचलला, आईने प्रेसचा, आणि दोघेही आपलंच बरोबर म्हणून अडून बसले. मशीन परत.

प्रेसमध्ये कॉफीचा वास राहतो. जाळी सुटी करून सोड्याने धुतली तेव्हा गेला. आता हा प्रेस दुधाचाच.

२८ डिसेंबर, रविवार

आईला रात्री झोप लागत नाहीये. तिला वाटतं जेटलॅग, मला वाटतं मीच.

'होजिचात कॅफीन नसतं' हे इथेही सगळे म्हणतात. जपानच्या अधिकृत अन्नघटक कोष्टकात १०० मिली होजिचाला २० मिलिग्रॅम दिलं आहे. सेन्चालाही २०, काळ्या चहाला ३०, कॉफीला ६०. गोष्ट अशी की कोष्टकातला होजिचा १५ ग्रॅम पानं आणि ६५० मिली पाण्याचा, अर्ध्या मिनिटाचा. म्हणजे एका ग्रॅम पानातून साडेआठच्या वर मिलिग्रॅम उतरलं. माझ्या मगात ८ ग्रॅम जातात, तेही दोन मिनिटं. देठात पानापेक्षा कॅफीन कमी आणि भाजताना थोडं उडतं हे धरलं, तरी हा मग लहानशा कपभर कॉफीच्या आसपास जाऊ शकतो. पातळ होजिचा निरुपद्रवी आहे, दाट लाटे नाही.

संध्याकाळी चारनंतर बंद. आईसाठी त्याच देठांची दुसरी धार: पुन्हा उकळतं पाणी, दुधाशिवाय. वास बराच उरलेला असतो.

११ जानेवारी २०२६, रविवार

कच्चे देठ संपले. जवळच्या दुकानात भाव वाढलेत. माच्याला, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीला, जगभर मागणी आली आणि अनेक बागायतदार माच्याच्या पानाकडे, तेन्चाकडे वळले, तशी स्वस्त चहाचीही ओढाताण सुरू झाली. चहाच्या नकाशातही उलथापालथ चालू आहे: २०२४ मध्ये कागोशिमाने २७,००० टन कच्चा चहा काढून शिझुओकाला (२५,८०० टन) पहिल्यांदा मागे टाकलं. आता कागोशिमाचे देठ आणले. थोडे जाड आहेत, म्हणून पहिली भाजणी जास्त मंद ठेवावी लागली.

घरात सध्या चालू असलेलं माप, फ्रिजला चिकटवलंय: दोनदा भाजलेले देठ ८ ग्रॅम, भाजल्यावर किमान एक रात्र डब्यात मुरलेले (ताजे भाजलेले धुरकट लागतात). उकळतं पाणी १०० मिली, दोन मिनिटं, बारीक गाळणीतून, चोथा न दाबता. दाबला की तुरट. तपकिरी साखर एक छोटा चमचा किंवा नाही. कमी तापमानावर निर्जंतुक केलेलं दूध १५० मिली, ६२ अंश, फ्रेंच प्रेस. प्यायचा मग आधी गरम पाण्याने विसळलेला, नाहीतर सगळं मिळून ५० अंशांवर येतं आणि नवरा मायक्रोवेव्हकडे बघायला लागतो.

डब्याबद्दल: आठवड्याला लागेल तेवढंच भाजायचं. दोन आठवड्यांनी वास अर्धा. तेव्हा मंद आचेवर मिनिटभर पुन्हा फिरवला की बराचसा परत येतो.

२५ जानेवारी, रविवार

आई सांगलीला पोचून दहा-बारा दिवस झाले. जाताना पाव किलो कच्चे देठ नेले, होरोकु फुटेल म्हणून नेलं नाही. आज व्हिडिओ कॉलवर रव्याची लोखंडी कढई, उलथनं आणि म्हशीचं दूध. कढईला झाकण नाही, म्हणून वास जास्त उडतो. त्यावर तिने मोठ्या ताटलीने अर्धं झाकून भाजले. रंग बरोबर आला.

दुधाचं जमेना. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, तिथे चहा पुन्हा हरवला, माझ्या पहिल्या दिवसासारखाच. आणि फेस ताकाच्या रवीने केला, तो जाड, चमच्याने खावा असा. मी म्हटलं, गायीचं दूध आण. "एका कपासाठी दुसरं दूध घेऊ? वरच्या मजल्यावरचे हसतील." शेवटी निम्मं दूध, निम्मं पाणी, देठ १० ग्रॅम, असं ठरलं. रवी कमी फिरवायची. उद्या सकाळी करून कळवते म्हणाली, आणि वेलची घालणार आहे हेही आत्ताच सांगून ठेवलं.